फोटोत रोहित (फ्लेमिंगो) धूसर का येतात?
नवी मुंबईतल्या नेरूळच्या पाणथळीवर ६०० मिमीची, दूरचं टिपणारी लेन्स लावूनही रोहित धूसर आणि पांढरेफटक येतात, असा प्रश्न आहे. दोष बहुधा लेन्सचा नाही. ऊन चढलं की तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते. मग शटरचा वेग कितीही वाढवा, पिसांचा तपशील मिळत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास धरा. त्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा: ठाणे खाडीतला चिखल बुडाला की थवे या तळ्यांवर येतात, ओहोटीला परततात. गडद पाण्यावर पक्षी लहान दिसत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ करा (म्हणजे फोटो थोडा गडद घ्या), नाहीतर पांढरा भाग जळतो, म्हणजे त्यातला तपशील जातो. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाचं शटर हवंच. पण त्यासाठी टाळ्या वाजवून विसावलेला थवा कृपया उठवू नका.