मैत्रीण कार्मेल मठात जाणार आहे. तिथलं आयुष्य नक्की कसं असतं?

ठाण्याची_वाचक:

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण, वय २७, कॅथलिक. गेल्या आठवड्यात तिने सांगितलं की जूनमध्ये नोकरी सोडून ती कार्मेलाइट सिस्टरांच्या मठात जाणार आहे. मला वाटलं, शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर असतात तशी होणार. तर म्हणाली, नाही, हा बंदिस्त मठ आहे, इथे मुख्य काम प्रार्थनेचं. भावाच्या लग्नालाही बाहेर येता येणार नाही.

तेव्हा मी काहीच बोलले नाही, पण मन लागत नाहीये. ही मुलगी हुशार आहे, बडबडी आहे, लोकलमध्ये जागेवरून भांडणारी आहे. ती दिवसभर तिथे करणार काय? बोलायचं नाही म्हणजे अजिबातच नाही? आणि नाही जमलं तर परत येता येतं का? मला तिचं मन वळवायचं नाही, फक्त मैत्री तुटू द्यायची नाही. आतलं कोणाला माहीत असेल तर सांगा.

वसईची_लेक:

माझी धाकटी मावशी मला कळायला लागलं त्याच्याही आधीपासून दक्षिणेतल्या एका कार्मेलात आहे. त्यामुळे हे सगळं मी भेटींमधून आणि तिच्या पत्रांतून बघत आलेय. लांबलचक लिहिते, सांभाळून घे.

आधी दिवस कसा जातो ते. पहाटे पाचच्या सुमारास उठायचं. सकाळी एक तास मौन प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा एक तास. या दोन तासांत पुस्तक नाही, जप नाही, नुसतं देवासमोर बसायचं. शिवाय रोजचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि दिवसातून सात वेळा चॅपेलमध्ये जमून स्तोत्रं म्हणायची. मधल्या वेळात काम. बऱ्याच मठांत मिस्साला लागणाऱ्या ओस्ती, म्हणजे प्रसादाच्या पातळ चकत्या, बनवतात, धर्मगुरूंचे झगे शिवतात, जपमाळा ओवतात, भाजीपाला लावतात. स्वयंपाक, धुणी, आजारी सिस्टरांची सेवा हे घरचंच. जेवताना बोलत नाहीत, एकजण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकत जेवतात. मांस खात नाहीत, मासे-अंडी चालतात. १४ सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, उपवासाचे दिवस. आई जाताना वसईची सुकेळी नेते, ती मात्र सगळ्यांनाच आवडतात.

बोलण्याबद्दल. कामापुरतं हळू बोलता येतं. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत पूर्ण मौन. पण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर रिक्रिएशन असतं, साधारण तासभर, आणि तेव्हा सगळ्याजणी शिवणटिपण घेऊन एकत्र बसतात, गप्पा मारतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या नकला करतात. ही वेळ ऐच्छिक नाही, तीही नियमातच आहे. आविलाच्या संत तेरेझाने २४ ऑगस्ट १५६२ रोजी स्पेनमध्ये हा सुधारलेला पंथ सुरू केला तो चार मुलींना घेऊन, आणि तेव्हापासून हसणं-खेळणं तिने दिवसाचा भाग ठरवलं. उदास चेहऱ्याच्या भक्तीचं तिला वावडं होतं. तुझ्या बडबड्या मैत्रिणीला तिने नक्की घेतलं असतं.

तेरेझा त्याआधी वीसहून जास्त वर्षं ज्या मठात राहिली तिथे दीडशेच्या वर बायका होत्या. श्रीमंत घरच्यांना वेगळ्या प्रशस्त खोल्या आणि दिमतीला नोकर, गरिबाघरच्या दाटीवाटीने. तिने नव्या मठात आधी तेराच जणी ठेवायचं ठरवलं, पुढे ही मर्यादा एकवीसवर नेली, आणि घराण्याच्या मानाचं ‘दोन्या’ हे बिरुद काढून टाकलं. तिचे आजोबा ज्यू धर्मातून आलेले होते, आणि ‘शुद्ध रक्ता’च्या गर्वाने पछाडलेल्या स्पेनमध्ये ते काय असतं हे तिला माहीत होतं. मला तेरेझाचा हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे तिच्या ध्यानातल्या साक्षात्कारांबद्दलच जास्त बोललं जातं.

आता अवघड काय ते सांगते, कारण तुला ते कळायला हवं. लोकांना भेटीच्या खोलीतली जाळी दिसते, भिंतीतलं फिरतं कपाट दिसतं, ज्यातून सामान आत-बाहेर जातं. मावशी म्हणते जाळीची सवय होते, माणसांची व्हायला वेळ लागतो. त्याच वीस-एकवीस बायका, मरेपर्यंत. कोणाशी पटत नाही म्हणून उठून जाता येत नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेज (आविलाची तेरेझा वेगळी) पंधराव्या वर्षी, ९ एप्रिल १८८८ला, मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिच्या आठवणी वाच. प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक आवाज करणारी सिस्टर. धुणं धुताना हिच्या तोंडावर घाण पाणी उडवणारी दुसरी. रोज संध्याकाळी हाताला धरून जेवणघरात न्यायची ती कुरकुरी म्हातारी, जिला काही केलं तरी पसंत पडत नसे. तेरेजचं संतपण या बायकांवर प्रेम करायला शिकण्यात आहे. मावशीचा आवाजही मी चढलेला ऐकलाय, आणि पुढच्याच पत्रात तिने त्या सिस्टरची माफी मागितल्याचंही वाचलंय.

परत येण्याचं: हो, येता येतं, आणि काहीजणी येतात. आत गेल्या गेल्या कोणी कायमचं व्रत देत नाही. २०१८च्या व्हॅटिकनच्या नियमांनुसार कायमच्या व्रतापर्यंतचा काळ किमान नऊ वर्षांचा हवा. आधी नुसतं राहून बघायचं, मग पोस्टुलंट म्हणजे उमेदवार, मग दोन वर्षं डोक्यावर पांढरं वस्त्र, म्हणजे व्हेल, घेणारी नोव्हिस म्हणजे शिकाऊ सिस्टर, मग काही वर्षांपुरती व्रतं. मध्ये आतल्या सिस्टर गुप्त मतदान करतात, ही आमच्यात राहू शकेल का म्हणून. तिलाही दर टप्प्यावर विचारतात. लग्नाआधी आपल्याकडे मुलींना इतका वेळ कोण देतं?

स्पष्ट_विचारतो:

कोणाच्या श्रद्धेला दुखवायचं नाही. पण नर्सिंग करणाऱ्या सिस्टर मला समजतात, शाळेतल्या समजतात. सुशिक्षित मुलीने जगापासून दूर जाऊन प्रार्थना करायची, याचा समाजाला उपयोग काय? पूर्वी हुंडा वाचवायला मुली मठात टाकायचे असंही वाचलंय.

फोंडेकर:

दुसऱ्या मुद्द्याबद्दल सांगतो. जुन्या गोव्यातलं सांता मोनिका बघा, बायकांचा जुना मठ. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६मध्ये सुरू केलं, इमारत १६२७ला पूर्ण झाली. त्या मोठ्या टेकू-भिंती रस्त्यावरूनच दिसतात. तिथे पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली, विधवा, अनाथ आणल्या जात, आणि त्यातल्या सगळ्याच स्वतःहून आल्या असं कोणी म्हणू शकणार नाही. काळ्या व्हेलच्या आणि पांढऱ्या व्हेलच्या असा दर्जाही होता. पोर्तुगालने १८३४मध्ये धर्मसंघांवर बंदी आणल्यावर नव्या मुली घेणं थांबलं आणि शेवटची सिस्टर १८८५मध्ये वारली. आतली संख्या हळूहळू घटत गेली तेव्हा त्या उरलेल्या म्हाताऱ्या बायकांनी रोजच्या प्रार्थना कशा चालू ठेवल्या असतील, हा विचार मला तिथे गेल्यावर दर वेळी येतो. तेव्हा तुमची शंका इतिहासाला धरून आहे. आजच्या मठाला ती तशीच लावता येणार नाही.

वसईची_लेक:

फोंडेकरदादा, सांता मोनिकाबद्दल नीट लिहिलंत, धन्यवाद.

उपयोगाबद्दल. मावशीच्या मठाच्या फिरत्या कपाटाशी दिवसभर माणसं येतात, आणि त्यात सगळ्या धर्मांची असतात. मुलाचं ऑपरेशन आहे, नवरा पितो, दहावीचा निकाल आहे, गल्फमधून फोन आला नाही. आतली सिस्टर नाव विचारते आणि ते नाव त्या दिवशीच्या प्रार्थनेत जातं. मागच्या वर्षी आमच्या घरी संकट आलं तेव्हा रात्री दोन वाजता मला झोप नव्हती, आणि माझं नाव कोणीतरी पहाटे घेणार आहे हे मला माहीत होतं. याचा उपयोग मी आकड्यांत सांगू शकत नाही. माझ्यासाठी तो खरा होता.

चर्चनेही ही गोष्ट जाहीरपणे मानलीय. १९२७मध्ये पोपने मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून दोन संतांना शेजारी ठेवलं. एक संत फ्रान्सिस झेवियर, समुद्र ओलांडून गोव्यापासून जपानपर्यंत फिरलेले, ज्यांचं शरीर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. दुसरी हीच लिझ्यूची तेरेज, जी मठात शिरल्यावर पुन्हा बाहेर पडली नाही. दोन तरुण मिशनऱ्यांना ती आतून पत्रं लिहायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. दोघांचं काम एकाच मोलाचं धरलं गेलं.

आणि या बायका भित्र्या असतात असं वाटत असेल तर मंगळूरचं कार्मेल बघा. १८७०मध्ये फ्रान्समधल्या पो इथून कार्मेलाइट सिस्टर त्यासाठी निघाल्या. वाटेत तिघी वारल्या. उरलेल्यांनी मठ उभा केला. त्यांच्यात पॅलेस्टाइनमधल्या गलिलीची मरियम बाउआर्दी होती, अनाथ, फारसं लिहिता-वाचता न येणारी. तिने कायमची व्रतं मंगळूरमध्ये घेतली आणि २०१५मध्ये ती संत म्हणून जाहीर झाली.

ठाण्याची_वाचक:

ताई, फार बरं वाटलं. नकला करतात हे वाचून तर जास्तच. भेटायला गेलं तर मला, हिंदू मैत्रिणीला, भेटू देतील का? आणि जाण्याआधी तिला द्यायचं काय? आतलं तर काहीच स्वतःचं नसतं म्हणे.

वसईची_लेक:

देतील की. किती वेळा आणि कधी ते मदर, म्हणजे मठाची प्रमुख, ठरवते, मठागणिक फरक असतो, आधी पत्राने किंवा फोनने विचार. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सोडून जा, त्या दिवसांत भेटी आणि पत्रं सहसा बंद असतात. पत्र जपून-जपून किंवा पवित्र भाषेत लिहू नकोस. ऑफिसात कोण भांडलं, कोणाला मूल झालं, पावसात गाड्या कशा बंद पडल्या, सगळं लिही. मावशीला आम्ही गावातल्या विहिरीचं पाणी किती चढलं तेसुद्धा लिहितो. उत्तर उशिरा येईल आणि छोटं येईल, त्यावर रुसू नकोस.

भेटवस्तू नको. मठाकडून तिला बरोबर आणायच्या सामानाची यादी येते, चादरी, साध्या चपला, टॉवेल, असलं. ती खरेदी बहुतेक मुली आईबरोबर करतात, आणि आयांना ती जड जाते. आमची आज्जी दुकानातून मधेच बाहेर येऊन उभी राहिली होती. तुझ्या मैत्रिणीच्या आईला विचार, मी बरोबर येऊ का म्हणून.