मदत हवी आहे: विकिपरिषदेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज

नमस्कार मंडळी. विकिपीडियावर काम करणाऱ्यांच्या भारतातल्या परिषदेला, म्हणजे विकिपरिषदेला, मुंबई (२०११), मोहाली (२०१६) किंवा हैदराबादला (२०२३), कुणी शिष्यवृत्तीवर (म्हणजे जाण्या-राहण्याच्या खर्चाची मदत घेऊन) गेलं होतं का? पुढच्या वेळी अर्ज करायचा विचार आहे.

माझं मराठी विकिपीडियावरचं काम दिसायला किरकोळ: बिनसंदर्भाच्या लेखांना संदर्भ जोडणं, कुणी लेखात मुद्दाम केलेली नासधूस (उत्पात) उलटवणं. नवे लेख फारसे नाहीत. हे अर्जात मांडायचं कसं? नुसता संपादनांचा आकडा टाकणं पटत नाही. एक स्वल्पविराम हलवला तरी ते संपादनच धरलं जातं! त्यापेक्षा चर्चापानांचे, बदलांच्या इतिहासाचे दुवे द्यावेत का? शिवाय परिषदेत व्याख्यानाऐवजी संदर्भ जोडण्याची कार्यशाळा घ्यावी म्हणतोय. कुणाचा जुना प्रस्ताव नमुन्यादाखल बघायला मिळेल का?