निपर्स: पाण्यात पुरेशी माणसं नसतील तर मुलांना उतरवायचंच कशाला?

मृण्मयी_सिडनी
जरा सविस्तर लिहितेय, कारण आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर यावरून बरंच वाजलंय आणि तिथे नीट बोलता आलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निपर्स म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सर्फ लाइफसेव्हिंग क्लबांचा लहान मुलांचा प्रोग्राम. वय ५ ते १३, उन्हाळ्यात रविवारी सकाळी बीचवर. वाळूत पळणं, फ्लॅग्जचा खेळ, फोमचे बोर्ड, लाटांमध्ये पोहणं आणि मुख्य म्हणजे समुद्र ओळखायला शिकणं. माझी मुलगी अंडर ८ मध्ये आहे, तिला प्रचंड आवडतं, मलाही आवडतं, त्यामुळे मी निपर्सच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नका.

नियम असा आहे की मुलं पाण्यात असताना दर ५ मुलांमागे किमान १ वॉटर सेफ्टीवाला पाण्यात हवा. किमान. त्या रविवारी आमच्या ग्रुपमध्ये २३ मुलं होती आणि पाण्यात ३ जण. लाटा नेहमीपेक्षा मोठ्या, ओहोटी लागलेली, आणि आमच्या उजव्या हाताला पाणी गडद दिसत होतं, तिथे लाट फुटतच नव्हती, म्हणजे सरळ सरळ रिप, आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह. मी एज मॅनेजरला, म्हणजे आमचा वयोगट सांभाळणाऱ्या व्हॉलंटियरला, विचारलं तर उत्तर मिळालं, अगं कंबरेएवढ्याच पाण्यात नेतोय, काही होत नाही. मी मुलीला बाहेर बोलावलं. ती रडली. बाकीची मुलं गेली आणि काही झालं नाही हेही खरंच आहे.

संध्याकाळी ग्रुपवर एकाने लिहिलं की एवढी भीती वाटते तर बुद्धिबळाच्या क्लासला घाला. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजून माणसं नसतील तर त्या दिवशी पाणी बंद. वाळूवर खेळ घ्या, रिप कशी दिसते ते किनाऱ्यावरून दाखवा, सीपीआर शिकवा. यात बाचाबाची होण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाहीये.

सागर_पी
मृण्मयी, तुमची काळजी समजते पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. कंबरेएवढं पाणी, आजूबाजूला पोहायची जागा दाखवणारे फ्लॅग्ज, लाइफसेव्हर्सची गस्त चालू, आणि तरी मुलीला सगळ्यांसमोर बाहेर काढायचं, यातून ती काय शिकली? समुद्र म्हणजे घाबरायची गोष्ट. आपल्या लोकांचा इथला प्रश्न नेमका हाच आहे की आपण समुद्राला घाबरतो पण समुद्र ओळखत नाही. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडला फॉरेस्ट केव्ह्जला एकाच कुटुंबातली भारतीय वंशाची ४ माणसं गेली, तिथे लाइफगार्ड नसतात. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, कोणावरही येऊ शकते ती वेळ. पण आपली मुलं लहानपणापासून दर आठवड्याला या पाण्यात उतरली तर मोठेपणी अशा बीचवर पाय टाकायच्या आधी थांबून बघतील. नियमाचं एक-दोन माणसांनी कमीजास्त झालं म्हणून आख्खं सेशन रद्द करायचं तर सीझनमध्ये निम्मे रविवार मुलं वाळूतच बसतील. मग कधी शिकणार?

वैशाली_काकू
मी सागरच्या अगदी उलट मताची आहे. मुळात ५-६ वर्षांच्या मुलाला उघड्या समुद्रात न्यायचंच कशाला? आधी पूलमध्ये नीट पोहायला शिकू दे, १०० मीटर न थांबता जाऊ दे, मग बघू. आणि नियम आहेत नियम आहेत म्हणता, पण कुरावाचं काय झालं? गोल्ड कोस्टचा तोच बीच, तीच सर्फ लाइफसेव्हिंगची नॅशनल चॅम्पियनशिप, १९९६ ला १५ वर्षांचा मुलगा गेला, २०१० ला १९ वर्षांचा, २०१२ ला १४ वर्षांचा. ही काही नवशिकी मुलं नव्हती, देशातली उत्तम पोहणारी मुलं होती, चारी बाजूंनी लाइफसेव्हर्स उभे होते. खवळलेल्या समुद्रात स्पर्धा चालूच ठेवल्या. २०१२ नंतर उरलेली स्पर्धा रद्द केली, पण मूल गेल्यावर. जिथे सगळ्यात अनुभवी माणसं होती तिथे ही गत, तर रविवारच्या हौशी पालकांच्या भरवशावर मी माझा नातू पाठवणार नाही.

अनिकेत_ब्राँझ
मी गोल्ड कोस्टला राहतो, ब्राँझ मेडॅलियन (सर्फ लाइफसेव्हर होण्याचा कोर्स) केलंय, मुलांच्या वॉटर सेफ्टीला उभा असतो, म्हणून पाण्यातून काय दिसतं ते लिहितो.

काकू, कुरावाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि इथे ते कोणी विसरलेलं नाही. मुलांच्या अंगात आज जो भडक गुलाबी रॅश व्हेस्ट असतो तो त्यानंतरच कंपल्सरी झाला. कारण फेसाळ पाण्यात माणूस खाली गेला की दिसतच नाही, निळी-हिरवी स्विमिंग कॉस्च्यूम तर दोन मीटरवरून हरवते. पण तुम्ही सांगता त्या मोठ्या मुलांच्या रेस होत्या. ५-६ वर्षांची मुलं खोल पाण्यात जातच नाहीत, काठाशी खेळतात. अंडर ८ पासून आधी चाचणी असते, २५ मीटर पोहणं आणि १ मिनिट तरंगणं, पुढे वाढत वाढत अंडर १४ ला २०० मीटर ५ मिनिटांच्या आत. ती पास झाल्याशिवाय पाण्यातल्या ॲक्टिव्हिटीला घेत नाहीत.

आता सागर, तुझ्या कंबरेएवढ्या पाण्याबद्दल. कोणाच्या कंबरेएवढं? ७ वर्षांच्या मुलीच्या कंबरेएवढं पाणी एका लाटेत तिच्या गळ्यापर्यंत येतं. वाळूचा बांध असतो त्याच्यावर मुलं उभी असतात, बाजूला पाण्याने खणलेली घळ असते, दोन पावलं सरकलं की पायाखाली काही नाही. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला जागा शोधतं आणि त्या घळीतूनच जोरात बाहेर जातं, तीच रिप. शिवाय किनाऱ्याला समांतर ओढही असते, मुलं खेळता खेळता हळूहळू तिकडेच सरकतात आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणून आम्ही एक माणूस कायम रिपच्या बाजूला ठेवतो, बाकीचे मुलांच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला, रेस्क्यू ट्यूब घेऊन. २३ मुलांना ३ माणसं म्हणजे एक रिपकडे, मग उरलेले दोघं २३ डोकी बघणार. होत नाही हो ते. एक मूल बोर्डवरून पडलं आणि एक जण तिकडे गेला की बाकी सगळ्यांकडे बघायला एकच माणूस.

आणि बुडणारं मूल हाका मारत नाही. मी पाहिलेली मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती, तोंड आकाशाकडे, पाणी ओठांना लागलेलं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायलाही हात वर येत नव्हते कारण दोन्ही हात पाणी खाली दाबत होते. आवाज शून्य. तिची मैत्रीण शेजारी हसत होती. आम्ही मुलांना शिकवतो की अडचण आली की एक हात वर कर, पण त्या अवस्थेत हात वर येत नाही, म्हणून मोठ्या माणसाने ते तोंड ओळखायला हवं. नियमातला ५ चा आकडा यासाठी आहे, एक माणूस एवढेच चेहरे सतत बघू शकतो. मृण्मयीने मुलीला बाहेर काढलं ते योग्य केलं.

सागर_पी
अनिकेत, हे तू लिहिलंस ते वाचून पोटात गोळा आला, आणि रिपच्या बाजूला माणूस लागतो हा मुद्दा मला मान्य. पण मग सांग, माणसं आणायची कुठून? क्लब चालतो व्हॉलंटियर्सवर. १९०७ पासून ही चळवळ अशीच फुकट काम करणाऱ्या लोकांवर उभी आहे. प्रत्येक आई-बाप टीका करायला तयार, पाण्यात उतरायला कोण तयार?

केतकी_मेलबर्न
पाण्याशिवाय दुसरंही बोलूया का. मुलांची सुरक्षा म्हणजे फक्त बुडणं नाही. कपडे बदलायच्या खोलीत कोण असतं, मुलांचे स्विमिंग कॉस्च्यूममधले फोटो कोण काढतं आणि कुठल्या ग्रुपवर टाकतं, एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर जाणार नाही हे बघितलं जातं का, व्हॉलंटियर्सचं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, झालंय का. मी आमच्या क्लबला हे सगळं पहिल्याच दिवशी विचारलं आणि मला व्यवस्थित उत्तरं मिळाली. आपल्या पालकांना हे विचारायला संकोच वाटतो, समोरच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. अजिबात वाटून घेऊ नका. जो क्लब चांगला आहे त्याला हे प्रश्न आवडतात.

निखिल_जे
माझा एक साधा प्रश्न. मुलांना लाइफ जॅकेट का घालत नाहीत? बोटीत घालतो, राफ्टिंगला घालतो, मग इथेच का नाही? कुरावाची मुलं जॅकेटमध्ये असती तर निदान वर तरी राहिली असती ना.

अनिकेत_ब्राँझ
निखिल, यावर इथेही खूप वाद झालेत. लाट फुटत असताना वाचायचं असेल तर तिच्या खाली बुडी मारावी लागते, तळाशी जाऊन वाळू धरायची आणि लाट वरून जाऊ द्यायची. जॅकेट घातलं की खाली जाताच येत नाही, लाट उचलते आणि आपटते, शिवाय सुटलेला बोर्ड डोक्यात बसण्याची भीती. पण तुझ्या बाजूनेही वजन आहे, बेशुद्ध झालेल्याला जॅकेट वर ठेवेल आणि बेशुद्ध माणूस बुडी मारत नसतो. मोठ्या मुलांच्या बोर्ड रेससाठी पातळ, थोडीच तरंग देणारी व्हेस्ट निघाली तर मला ती हवीच आहे. लहान मुलांना काठाशी जॅकेट घालून उभं करणं मात्र मला पटत नाही, जॅकेट आहे म्हटलं की मोठी माणसं फोन बघायला लागतात.

हर्णैकर
मी कोकणातला, समुद्राच्या काठावरच वाढलो. तुमचा ५ ला १ चा वाद वाचून मन भरून आलं आणि थोडा रागही आला, तुमच्यावर नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडातल्या मुरुडला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. त्यानंतर सहलींच्या नियमांवर चर्चा झाली, बंदीची भाषा झाली. पण आमच्याकडे आजही सहलीची बस येते, पोरं जीन्स घालून धावत पाण्यात जातात, सर लोक वाळूत चहा पितात. गावातला माणूस ओरडून सांगतो इथे ओढ आहे, आत जाऊ नका, कोणी ऐकत नाही. गोव्यात २००८ पासून दृष्टी कंपनीचे लाइफगार्ड किनाऱ्यांवर उभे असतात, किती जीव वाचलेत त्यांच्यामुळे. आमच्या किनाऱ्यांना अशी कायमची, पगारी, शिकलेली माणसं का नकोत? आणि कोळ्यांच्या पोरांना पाणी कळतं म्हणून ती सुरक्षित असंही नाही, लाटेला कोणाची जात कळत नाही. सागरभाऊ, तुम्ही म्हणता एक-दोन माणसं कमीजास्त चालतात. आमच्याकडे इथूनच सुरुवात झाली होती, चालतंय चालतंय म्हणत.

सागर_पी
दादा, मुरुडची आणि फ्लॅग्जमधल्या निपर्सची बरोबरी मला पटत नाही, तिथे एकही प्रशिक्षित माणूस नव्हता. पण २३ ला ३ हे कमी होतं, एवढं मी मान्य करतो. माझं मत आता असं आहे की सेशन रद्द करू नका, ग्रुप तोडा. १५ मुलं पाण्यात, ८ वाळूवर, मग अदलाबदल. मुलांचा रविवारही जात नाही आणि नियमही पाळला जातो.

मृण्मयी_सिडनी
सागर, हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि हेच त्या दिवशी केलं असतं तर मी मुलीला बाहेर काढलंच नसतं. फक्त एक, रिप तेवढ्या जवळ असेल तर १५ ला ३ सुद्धा मला कमी वाटतात, नियमात किमान लिहिलंय. अनिकेत म्हणतो तसं समुद्र बघून वाढवायला हवेत.

तुमच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर, पाण्यात उतरायला कोण तयार: मी तयार आहे. ब्राँझच्या कोर्सला नाव घातलंय. पूलमध्ये ४०० मीटर ९ मिनिटांच्या आत यावं लागतं, आणि समुद्रात २०० मीटर पळणं, २०० पोहणं, परत २०० पळणं, ८ मिनिटांत. आमच्या ग्रुपमधल्या १४ मराठी घरांपैकी फक्त एका घरात ब्राँझ झालेलं माणूस आहे, बाकी आपण सगळे कॉफी घेऊन छत्रीखाली. मला हे बोचतं. दुसऱ्यांच्या आई-बापांनी आपल्या मुलांसाठी थंड पाण्यात उभं राहायचं आणि आपण फोटो काढायचे, हे बरोबर नाही.

केतकी_मेलबर्न
ज्यांना पोहताच येत नाही त्यांनी काय करायचं? माझा नवरा सोलापूरचा आहे, पूलमध्ये आत्ता शिकतोय.

अनिकेत_ब्राँझ
केतकी, वाळूवरची कामं भरपूर आहेत. पाण्यात जाताना आणि बाहेर येताना डोकी मोजणं, हे काम एका माणसाने दुसरं काहीही न करता करायचं असतं. एज मॅनेजर होता येतं. टोपी, सनस्क्रीन, पाणी, थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाला टॉवेलात गुंडाळून बसणं. हे सगळं आज ब्राँझवाले करतात म्हणून पाण्यात माणसं कमी पडतात. त्याला म्हणावं या रविवारी क्लिपबोर्ड घेऊन उभा राहा.

आणि मृण्मयी, ९ मिनिटांचं टेन्शन घेऊ नको, पहिले १०० मीटर सावकाश जा, सगळे तिथेच दम घालवतात.

वैशाली_काकू
सगळं वाचलं. अनिकेत, तुझ्यासारखी माणसं आहेत हे वाचून बरं वाटलं, पण माझं मत बदललेलं नाही. नातू ८ पूर्ण होऊन पूलमध्ये १०० मीटर जाईपर्यंत मी पाठवू देणार नाही आणि सुनेला हा धागा दाखवणार आहे. तिचं मत सागरसारखं आहे.