मदत हवी आहे: अकरावीचं गणित, स्टेप बरोबर पण उत्तर जुळत नाही

नमस्कार मंडळी,

लेक अकरावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. दहावीला बीजगणितात मार्क चांगले होते त्यामुळे गणिताची काळजी नाही असं घरात ठरूनच गेलं होतं आणि आता दिवाळीपासून रोज रात्री वही आपटायचा कार्यक्रम चालू आहे. मी कॉमर्सवाली, गणिताशी संबंध जीएसटीपुरता, त्यामुळे शेजारी बसून चहा देण्यापलीकडे माझा काही उपयोग नाही. क्लास लावलाय, पण तिथे बॅच एवढी मोठी की शंका विचारायला रांग, आणि नंबर लागला तरी सर म्हणतात सीईटीला पन्नास प्रश्न नव्वद मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग पण नाही, ऑप्शन टाकून बघायचे आणि पुढे जायचं, कशाला खोलात शिरता. पोरीला ते पटत नाही (माझ्यावर गेलीय).

अडचण अशी की आकडेमोड कुठेच चुकत नाहीये. मी ओळ न् ओळ बघितली. तरी उत्तर एकतर जास्तीचं येतं नाहीतर कमी पडतं. तीन नमुने देते, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो म्हणून क्षच लिहिते आणि कोन अंशात.

१) √(क्ष + ७) = क्ष − ५
दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष² − ११क्ष + १८ = ० आलं, अवयव पाडले, क्ष = ९ किंवा २. उत्तर दिलंय फक्त ९. मग २ कुठे गेला?

२) साइन २क्ष = साइन क्ष, ० ते ३६० अंश, ३६० सोडून
सूत्र टाकून २ साइन क्ष कोस क्ष = साइन क्ष, दोन्हीकडचा साइन क्ष उडवला, कोस क्ष = १/२, म्हणून ६० आणि ३००. उत्तरात ० आणि १८० पण आहेत.

३) (क्ष + १)/(क्ष − २) < ३
छेद पलीकडे नेऊन क्ष > ३.५ आलं. उत्तरात "क्ष < २ किंवा क्ष > ३.५". हा २ च्या खालचा तुकडा आला कुठून?

फोटो काढून गणित सोडवणारं अ‍ॅप आहे तिच्याकडे, ते स्टेप दाखवतं पण "का" सांगत नाही. गणितं सोडवून नकोत, कारण सांगा. आणि प्लीज "शाखा बदला, आर्ट्सला टाका" टाइप सल्ले नकोत, ते सासरकडून भरपूर मिळालेत.

खडू_डस्टर
ताई, तीनही गणितांत दुखणं एकच आहे. समीकरण सोडवताना आपण एका ओळीवरून खालच्या ओळीवर जातो तेव्हा "वरची ओळ खरी असेल तर खालची खरी" आणि "खालची खरी असेल तर वरची खरी" ही दोन्ही नक्की असायला हवीत. असं दोन्हीकडून जाता येतं का हे कुणी बघतच नाही, दहावीपर्यंत बघायची वेळ फारशी येत नाही म्हणून सवय लागत नाही.

पहिल्यात वर्ग केला. ३ चा वर्ग ९ आणि −३ चा पण ९, म्हणजे वर्ग केल्याक्षणी चिन्हाची माहिती गेली. क्ष = २ मूळ समीकरणात टाका: डावीकडे √९ = ३, उजवीकडे २ − ५ = −३. जुळत नाही. पण वर्ग केल्यावर दोन्हीकडे ९, म्हणून दोनाला आत शिरायला मिळालं. √ हे चिन्ह कायम धन किंवा शून्यच किंमत देतं, त्यामुळे क्ष − ५ ऋण असून चालणारच नाही, म्हणजे क्ष किमान ५ पाहिजे हे पहिल्याच ओळीत लिहून टाकायचं. मग २ आला तरी तो आपोआप बाद.

दुसऱ्यात उलटं झालंय. साइन क्ष ने भागलं, पण साइन क्ष शून्य असेल तर? शून्याने भागता येत नाही, आणि नेमकी तीच उत्तरं (० आणि १८०) हातची गेली. क्ष² = ३क्ष हे सोपं घ्या, क्ष उडवला तर ३ मिळतो आणि ० हरवतो. म्हणून उडवायचं नाही, सगळं एका बाजूला घेऊन सामाईक काढायचं: साइन क्ष (२ कोस क्ष − १) = ०. आता चारही उत्तरं समोर येतात.

तिसरं जेवायला जाऊन आल्यावर लिहितो.

गणिताचा_मार_खाल्लेला
फॉलो करतोय. आमच्या वेळी २ ला नुसती काट मारून "अमान्य" लिहायला शिकवलं होतं, का अमान्य ते आज कळलं, वय वर्षे ४६.

बिंदुगामी
तिसरं मी सांगतो, मास्तर जेवताहेत तोवर. असमानतेत ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटं होतं हे तिला माहीत असणारच. पण क्ष − २ धन आहे की ऋण हेच आपल्याला माहीत नाही आणि आपण बिनधास्त गुणून मोकळे. त्यामुळे छेद पलीकडे न्यायचाच नाही, ३ अलीकडे आणा. (७ − २क्ष)/(क्ष − २) < ० होतं, म्हणजे (२क्ष − ७)/(क्ष − २) > ०. आता संख्यारेषेवर २ आणि ३.५ मांडा, तीन तुकडे पडतात, प्रत्येकातली एक किंमत टाकून बघा. ० टाकला तर −७/−२, धन, चालतो. ३ टाकला तर −१/१, ऋण, बाद. ४ टाकला तर १/२, चालतो. म्हणून २ च्या खालचं आणि ३.५ च्या वरचं. २ स्वतः नाही कारण छेद शून्य होतो.

आणि तिला जिओजेब्रा (आलेख काढायचं अ‍ॅप) दाखवा, फुकट आहे, मोबाईलवर पण चालतं. पहिल्या गणितातले √(क्ष + ७) आणि क्ष − ५ हे दोन आलेख एकावर एक काढा, रेघ वक्राला एकाच ठिकाणी छेदते, क्ष = ९ ला. मग −√(क्ष + ७) काढा, म्हणजे आडव्या पॅराबोलाचा खालचा अर्धा भाग, त्याला तीच रेघ क्ष = २ ला छेदते. वर्ग केल्यावर हा खालचा अर्धा भाग पण समीकरणात येतो, बाकी काही नाही. डोळ्यांनी दिसलं की वाद मिटतो.

चाळीसगावचा_पाहुणा
गावाचा अभिमान म्हणून लिहितो, आमच्याकडे पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला त्याचा. तर त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे, कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्याचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय, तर कळपात किती? (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. उत्तरं येतात ५० आणि ५. आचार्य म्हणतात ५० घ्यायचं, ५ नाही. म्हणजे ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न साडेआठशे वर्षं जुना आहे, तिला सांगा.

खडू_डस्टर
आलो. बिंदुगामी, आभार, माझं काम वाचवलंत.

पाहुणे, उदाहरण भारी पण थोडा फरक आहे. तिथे ५ समीकरणात नीट बसतो: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक १, झाले ५. तो बाद होतो कारण पाचव्या भागातून ३ वजा केले की −२ माकडं उरतात, आणि उणे माकड कुणी बघितलेलं नाही. ताईंच्या गणितात २ मूळ समीकरणातच बसत नाही. पण गंमत बघा, माकडांचंच गणित √(क्ष − १) = क्ष/५ − ३ असं लिहिलं तर ५ लगेच बसेनासा होतो, डावीकडे २ आणि उजवीकडे −२. मुलीला दोन्ही मांडण्या सोडवायला द्या, दहा पाठ्यपुस्तकी गणितांपेक्षा जास्त फायदा होईल.

आणि क्लासच्या सरांचं ऑप्शन टाकून बघणं मला एवढं वाईट वाटत नाही. उत्तर मूळ समीकरणात टाकून बघणं म्हणजेच पडताळा. फक्त पडताळ्याने जास्तीचं उत्तर पकडलं जातं, हरवलेलं पकडलं जात नाही, दुसऱ्या गणितात ६० आणि ३०० दोन्ही टाकून बघितले तर दोन्ही बरोबरच येणार आणि पोरगी समाधानाने पुढे जाणार.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार!! माकडं सुपरहिट झाली, जेवण थंड करून सोडवली. मग तिने स्वतःहून लॉगचं एक काढलं, लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १, पाया १०. उत्तर ५ आणि −२ आलं आणि −२ बाद का हे तिनेच मला समजावलं, ऋण संख्येचा लॉग इथे घेता येत नाही म्हणे. मी मान डोलावली.

आता नवीन. साइन क्ष = १/२ ची सगळी उत्तरं लिहायची आहेत. तिने दोन ओळी लिहिल्या, ३६०न + ३० आणि ३६०न + १५०. दिलेलं उत्तर एकच ओळ, १८०न + (−१) चा न वा घात × ३०. हे दोन्ही एकच आहे का? की परत काहीतरी हरवलं?

बिंदुगामी
एकच आहे. दिलेल्या एका ओळीत न = ०, १, २, ३ टाका: ३०, १५०, ३९०, ५१०. तिच्या दोन ओळींतून न = ० आणि १ टाकून हेच चार आकडे येतात. सम न पहिली ओळ देतो, विषम न दुसरी. परीक्षेत दोन्ही चालायला हवं, पण "न कोणताही पूर्णांक" हे लिहायला विसरू नको म्हणावं, त्याचा अर्धा मार्क जातो.

गणिताचा_मार_खाल्लेला
ताई, लिमिट्स चालू झाल्या की नवीन धागा काढा, इथे गर्दी होईल. आणि लिंक द्या.