पाय दुखतात म्हणणाऱ्यांसाठी यादी

चालत फिरायला निघालं की पाच वर्षांची लेक दहा मिनिटांत 'पाय दुखले, कडेवर घे' म्हणते, अशी एका पालकांची तक्रार वाचली. आमच्याकडेही हेच चालायचं. मग मी निघताना मुलाच्या हातात वाटेत शोधायच्या गोष्टींची चित्रांची यादी द्यायला लागले, कारण वाचता येत नव्हतं त्याला. खोडालाच फळं लगडलेलं झाड (उंबर), शेपटीवालं पान (पिंपळ), दारातली रांगोळी, झोपलेलं मांजर. पाच-सहाच गोष्टी ठेवा, जास्त झाल्या की मुलांचा धीर सुटतो. 'लाल गाडी' वगैरे नको, ती लगेच दिसते. थांबून, मान वर करून बघावं लागेल असं काहीतरी द्या.

दिवाळीच्या सुमारास पुण्यात बुचाची झाडं फुलतात. सकाळी लवकर निघालात तर खाली पांढरा सडा पडलेला असतो. देठ इतके लांब की दोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते. पहिल्यांदा दाखवली तेव्हा माझा मुलगा फुटपाथवरच फतकल मारून बसला, देठात देठ अडकवत. यादी राहिली बाजूला. राहू द्यावी! पडलेलंच उचलायचं, तोडायचं नाही, एवढा नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा. आणि एक कापडी पिशवी जवळ ठेवा, खिशात फुलं चुरगळतात आणि मग रडारड होते.