नॅशनल पार्कात आता रान कुठे राहिलंय?

रानभैरी
परवा इथे एका महाशयांनी फोटो टाकून लिहिलं, "बोरिवलीचं नॅशनल पार्क काय सुधारलंय! भाड्याने सायकल, बोटिंग, बसने कान्हेरी. दोन तासांत सगळं उरकून घरी जेवायला." खाली ऐंशी अंगठे. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबत गेलं आणि शेवटी शेवटी माझी जीभही सुटली, म्हणून हा वेगळा धागा.

मला डाचला तो 'उरकून'. बारसं उरकतात, बँकेची कामं उरकतात. जंगल?

माझं लहानपण दौलतनगरात गेलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. बाबा रविवारी पहाटे आम्हा दोघी बहिणींना कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत न्यायचे, गेटापासून सहाएक किलोमीटर. वस्ती मागे पडली की म्हणायचे, आता बोलायचं नाही. सांगायची गरज नसायची, भीतीनेच तोंडं मिटलेली. शिळकरी कस्तूर पक्षी शीळ घालायचा आणि वाटायचं, मागून कोणी माणूस येतोय. बिबट्या एकदाही दिसला नाही. पण तो आहे आणि आपण त्याच्या घरात शिरलोय, हे पायांना कळायचं.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन गेले. त्याच वळणावर तीन टोळकी, तीन स्पीकर, तीन वेगळी गाणी. मागून सायकलवाला, "ओ साइड, साइड!" कस्तूर गातही असेल, कोणाला ऐकू येणार? लेक विचारते, "आई, जंगल कुठून सुरू होतं?"

बिबटे वाढलेत, माहीत आहे. कृपया कोणी आकडे फेकू नयेत. मी रानपणाबद्दल बोलतेय.

हिशेबी_मुलुंडकर
फेकतोच. 2015 च्या कॅमेरा-मोजणीत 35 बिबटे, 2018 मध्ये 47. रान संपलं असतं तर ही पिल्लं काय वडापाववर वाढली?

पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटर. तुम्ही रडताय ते गेट ते कान्हेरी या डांबरी पट्ट्यावर. शिलोंड्याच्या वाटेला आजही परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणजे गर्दीला ओसरी दिली आणि माजघर राखलं. यात बिघडलं काय? की तुमच्या बाबांबरोबर तुम्ही चालत गेलात तर ती साधना, आणि दुसऱ्याची आई बसने गेली की रान बाटलं?

रानभैरी
ओसरी-माजघर छान जमलंय. पण ओसरीत डीजे लावल्यावर माजघरात झोप लागते का, तेही सांगा. आणि पिल्लं वडापाववर नाही, पण वडापावच्या कचऱ्यावर जगणाऱ्या कुत्र्यांवर वाढतात. कडेच्या वस्त्यांतला बिबट्या बराचसा त्यांच्यावरच असतो. तुमचा आकडा रानाचा आहे की आपल्या उकिरड्याचा?

पोढीतला_बेडूक
दोघांचंही चुकतंय. हे रान 'रान' कधी होतं? शंभरावर लेणी आहेत वर. चढताना पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, मोजा, दमाल. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दानं दिली, ती भिंतींवर कोरलेली आहेत. हजारएक वर्षं तो डोंगर नांदता होता. नंतर 1860 च्या सुमाराला विहार तलाव झाला, मग तुलसी. मुंबईला पाणी हवं म्हणून पाणलोटाचं रान राखलं गेलं. तुमच्या बाबांनी दाखवलेली ती आदिम शांतता मुंबईकराच्या नळाच्या कृपेने टिकली होती, बाई.

रानभैरी
भिक्खू स्पीकर घेऊन चढत नव्हते, एवढंच म्हणते.

कोथरूडचा_कोतवाल
आमच्या वेताळ टेकडीवर या. गवताळ माळ होता, त्यावर गिरिपुष्पाची परदेशी झाडं लावून 'हिरवाई' केली. खाली गवताची काडी उगवत नाही.

हिशेबी_मुलुंडकर
पुण्याचा वेगळा धागा काढा हो. प्रत्येक ठिकाणी टेकडी.

कांदिवलीची_माई
गोंगाट मलाही आवडत नाही. पण मला वेगळंच बोलायचं आहे. मी दर शनिवारी पार्कात माकडांना केळी आणि चणे घालते. चौदा वर्षं झाली. परवा एका पोरट्याने माझा व्हिडिओ काढला, वर म्हणे "आजी, दंड होईल." रान गेलं म्हणून तुम्हीच गळे काढताय ना? मग त्या मुक्या जिवांनी खायचं काय?

हिशेबी_मुलुंडकर
माई, दंड व्हायलाच हवा.

बिनपगारी_मास्तर
मी एरवी इथे लिहीत नाही. माझ्या आठ वर्षांच्या भाचीच्या हातात पिशवी होती, रिकामी. माकडाने ती ओढली आणि मनगट फाडलं. टाके, वर रेबीजच्या सुया. ती अजून पिशवी हातात धरत नाही. त्या माकडाला पिशवी म्हणजे खाऊ हे कोणी शिकवलं? चौदा वर्षांचे शनिवार किती होतात, मुलुंडकर?

हिशेबी_मुलुंडकर
728. पावसाळ्यातल्या दांड्या धरून सहाशे पकडा.

कांदिवलीची_माई
माझ्या वयाचा तरी मान राखा! चिप्स टाकणाऱ्या पोरांना तुम्ही काही म्हणत नाही. मी घरून धुतलेली केळी नेते. शनिवारी मारुतीरायाच्या नावाने नेते.

पोढीतला_बेडूक
मारुतीरायाला तेल आणि रुईची माळ चालते. देऊळ सांभाळा, तिथला मारुती कोणाचं मनगट धरत नाही.

कांदिवलीची_माई
जिभेला हाड नाही तुमच्या.

रानभैरी
माझा धागा माकडांनी पळवला! माई, तुमच्या मनात वाईट नाही, कळतं मला. पण माकडाचं रान तुटतं कसं ते बघा. उंबर पिकलं की ते उंबरावर, काटेसावर फुलली की सावरीवर. खात हिंडायचं आणि बिया चार डोंगरांवर टाकायच्या, हा त्याचा रोजगार. रस्त्याच्या कठड्यावर बसून शनिवारची वाट बघणारं माकड ते काम सोडून बसलंय. पार्कातलं रान आधी त्याच्यातून गेलं, नंतर रस्त्यातून.

कांदिवलीची_माई
भाषण छान करता. उद्या मलाच बिबट्या म्हणाल.

पाड्यावरचा
दोन दिवस वाचतोय. मी आतल्याच एका पाड्यावर वाढलो. वारली. आता कॉलेज करून नोकरीला लागलोय, घर तिथेच.

रानभैरी ताई, राग मानू नका, पण तुमचं रानपण वाचून हसू आलं. ती भीती तुम्हाला रविवारी दोन तास हवी असते. माझी आजी रात्री बाहेर जायची ती हातात काठी आणि तोंडात वाघोबाचं नाव घेऊन, कारण घरात संडास नव्हता. 2004 च्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली. तेव्हा मी लहान होतो. रात्रभर थाळ्या वाजवत बसलेली माणसं आठवतात. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले होते, हे पेपरात नंतर आलं. आमची म्हातारी माणसं तेव्हाच म्हणत होती, "हा आपला वाघोबा नाही, ह्याला वाटा ठाऊक नाहीत."

1997 मध्ये हायकोर्टाने अतिक्रमणं हटवायला सांगितली, तर नोटिसा पाड्यांनाही आल्या. रान वाचवायचं ठरलं की पहिले आम्ही उठायचं. घराच्या कुडाला कारवी तोडली तर गुन्हा. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते; 2024 ला फुलली तेव्हा फोटोसाठी ती तुडवणारे निसर्गप्रेमी. आणि ठाणे-बोरिवली बोगदा डोंगराच्या पोटातून जाणार, तो विकास.

हिशेबी_मुलुंडकर
बाकी सगळं मान्य, बोगद्याला हात लावू नका. तो जमिनीखालून आहे, वर झाड हलत नाही. माझ्या वडिलांना ठाण्याहून बोरिवलीला हलवताना अँबुलन्स घोडबंदर रोडला पाऊण तास उभी होती. मी आत त्यांचा हात धरून बसलो होतो. रानपण मला नंतर सांगा.

पाड्यावरचा
दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. खरंच. पण बोगद्याला दोन तोंडं असतात आणि ती जमिनीवरच उघडतात.

हिशेबी_मुलुंडकर
तोंडाचा मुद्दा बरोबर आहे. मला आवडलेला नाही.

रानभैरी
पाड्यावरचा, तुमचं बोचलं. बाबा आम्हाला गप्प करून न्यायचे त्या वाटेवर कोणाची तरी घरं होती, हे मला चाळिशी उलटल्यावर इथे कळतंय. लाज वाटली. तरी एक विचारते. ते स्पीकर तुम्हाला चालतात?

पाड्यावरचा
नाही चालत. पावलं ऐकू आली पाहिजेत. आमची पण, त्याची पण.

मिलिंद_बोरिवली
मीच तो ऐंशी अंगठेवाला. एवढं महाभारत होईल असं वाटलं नव्हतं. 'उरकून' लिहिलं कारण आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, दोन तासांच्या वर तिला बसवत नाही. कान्हेरी तिने लग्नाआधी पाहिली होती, त्यानंतर थेट परवा. बस नसती तर नसतीच पाहिली. आता बोला.

रानभैरी
काय बोलू! फोटोत आईंना टाकायचं होतं, बोटी कशाला टाकल्यात? बसबद्दलचं मागे घेते. बोटीबद्दलचं नाही. पुढच्या वेळी त्यांना उजाडता उजाडता गेटाच्या आतल्या पहिल्या बाकापर्यंतच आणा. स्पीकरवाले आठाच्या आधी उठत नाहीत. कस्तूर तिथेही ऐकू येतो.

कांदिवलीची_माई
शनिवारी आणत असाल तर मीही येते सोबतीला.

बिनपगारी_मास्तर
पिशवी घरी ठेवून.

कांदिवलीची_माई
केळी ठेवीन. चण्यांचं बघते.