मदत हवी आहे: दुर्बिणी आणि बायनॉक्युलर सामाईक वापरायचे, तर व्यवस्था कशी लावावी? (अंबाजोगाई-लातूर परिसर)

सर्वांना नमस्कार.

अंबाजोगाई, परळी, केज आणि लातूर येथील आम्ही काही हौशी आकाशनिरीक्षक बऱ्याच दिवसांपासून आपापली साधने एकमेकांना वापरायला देत आहोत. आजवर हे सारे ओळखीवर आणि फोनवर निभावले. परंतु आता माणसे वाढली आहेत, शाळांकडूनही विचारणा होऊ लागली आहे, त्यामुळे कोणती वस्तू कोणाकडे आहे हेच पुष्कळदा कळत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आणि मुंबईला खगोल मंडळ आहे, पण त्यांच्या उपक्रमांना जायचे म्हणजे आम्हाला रात्रीचा प्रवास आणि दुसऱ्या दिवसाची रजा. म्हणून जे आहे ते येथेच नीट चालावे, अशी इच्छा आहे.

आमच्याकडे एक आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण आहे (आरशाचा व्यास २०३ मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे अंतर व्यासाच्या साधारण सहापट, एफ/६). त्याशिवाय विषुववृत्तीय बैठकीवरची (आकाशाच्या फिरण्यासोबत वळवता येणारी) ७० मिमी भिंगाची जुनी दुर्बीण, १०×५० चे दोन व ७×५० चा एक बायनॉक्युलर (पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिमीतील व्यासाचा), थोडे आयपीस (डोळा लावायची भिंगे) आणि वर्धन वाढवणारे एक बार्लो भिंग, एवढा संसार आहे. प्रत्येक वस्तूचा मालक वेगळा आहे आणि कोणीही मालकी सोडलेली नाही.

खरा पेच डॉब्सोनियनचा आहे. ती सध्या बालाघाटच्या पठारावर एका सदस्याच्या शेतातील आखाड्यावर (शेतघरी) असते. तेथील आकाश उत्तम आहे. मेच्या मध्यास रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ क्षितिजापासून तेवीस-चोवीस अंशांवर येतो आणि २५ मिमीच्या आयपीसमधून, म्हणजे ४८ पट वर्धनाने, त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे दिसू लागतात. लातूरच्या सदस्यांचे म्हणणे असे की, दुर्बीण कायम एकाच रानात राहिली तर ती सामाईक कसली. शहरातल्या गच्चीवरून तेजोमेघ दिसणार नाहीत हे मान्य, पण चंद्र, गुरू आणि शनी यांना अंधाराची काय गरज? त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. मात्र नळी जवळजवळ चार फूट लांब आहे, बैठकीसह सगळे वजन वीस किलोंच्या पुढे जाते आणि जीपमधून एक फेरी झाली की आरशांची जुळवणी (ते एकमेकांच्या नेमके रेषेत असणे) बिघडते. ती पुन्हा करणे आमच्यापैकी दोघांनाच जमते.

दुसरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर साधने ज्याच्या घरी असतील तेथेच पडून राहतात. गेल्या पावसाळ्यानंतर एका १०×५० च्या उजव्या बाजूला, भिंगाच्या कडेकडून मध्याकडे सरकणारे बारीक पांढरे तंतू दिसले. बायनॉक्युलर मूळचा ज्याचा, त्याच्याकडे तो त्या काळात नव्हताच. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे अजून ठरलेले नाही.

तिसरी गोष्ट शाळांची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार असल्याचे वाचल्यापासून काही शिक्षक आम्हाला विचारतात की, तेथे मुलांना शनीची कडी दाखवतील का. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या त्या यंत्राला डोळा लावायला जागाच नसते, हे सांगितले की साहजिकच आमच्या दुर्बिणीची मागणी होते. साधन शाळेत ठेवून यावे, की आपले माणूस सोबत असल्याशिवाय देऊच नये?

माझा स्वतःचा कल बायनॉक्युलर फिरते ठेवावेत आणि डॉब्सोनियन स्थिर ठेवावी असा आहे. परंतु ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांच्याकडून ऐकून मगच बैठकीत मांडावे म्हणतो. नोंदणीकृत संस्था काढावी का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (परभणी)

आपला कल मला पूर्णपणे पटत नाही. आम्ही सहा इंची डॉब्सोनियन फिरती ठेवली आहे आणि ती सुखरूप आहे, कारण जुळवणी आल्याशिवाय कोणालाही ती घरी नेता येत नाही, असा आमचा दंडक आहे. जुळवणी शिकायला एक संध्याकाळ पुरते. प्रवासात नळीच्या तोंडाजवळचा लहान, दुय्यम आरसा सहसा हलत नाही; बिघडते ते तळाच्या मुख्य आरशामागच्या तीन स्क्रूंवरचे संतुलन. चेशायर आयपीसमधून (जुळवणी तपासायच्या साधनातून) एकाने पाहावे आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवावेत, म्हणजे मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण पाच-दहा मिनिटांत जागेवर येते. जुळवणीसाठी लेसर वापरत असाल तर तो आधी आयपीसच्या जागी बसवून गोल फिरवून पाहा. ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढू लागला, तर लेसरच वाकडा आहे असे समजावे आणि त्याच्या भरवशावर आरसा हलवू नये.

शेवटची खात्री ताऱ्यावर करावी. प्रतिमा किंचित अस्पष्ट केली की तेजस्वी कड्यांच्या बरोबर मध्ये दुय्यम आरशाची काळी सावली दिसली पाहिजे. ध्रुवतारा जागचा हलत नाही म्हणून पुस्तके तो सुचवतात, पण आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर असल्याने प्रतिमा थरथरते. त्यापेक्षा उंचावरचा एखादा तारा घ्यावा. आपली दुर्बीण एफ/६ आहे, त्यामुळे जुळवणीच्या बाबतीत एफ/५ इतकी ती हट्टी नाही.

वाहतुकीसाठी नळी मागच्या सीटवर दोन वाकळांमध्ये आडवी ठेवून पट्ट्याने बांधावी. पोहोचल्यावर लगेच डोळा लावू नये. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांत मोठे अंतर असते, आणि पत्र्याच्या खोलीतून किंवा गाडीतून काढलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा ते एक तास घेतो. तोवर शनी उकळताना दिसतो आणि लोक उगाच जुळवणीला दोष देतात.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

नोंदणीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात; महाराष्ट्रात त्यासोबत धर्मादाय कार्यालयाकडील नोंदणीही येते आणि मग दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की त्याचा अर्ज, हे सारे मागे लागते. शिवाय एखादी दुर्बीण संस्थेच्या नावावर चढली की, गाव सोडून जाणाऱ्या सदस्याला ती सहज परत नेता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक वस्तूचा मालक ठाऊक आहे. तो तसाच राहू द्यावा आणि सर्वांच्या सह्यांचा एक साधा करार लिहून ठेवावा. त्यात वस्तू, मालक, आजची अवस्था आणि भिंगांची छायाचित्रे असावीत. ज्याच्या ताब्यात असताना वस्तू पडली वा हरवली त्याने खर्च द्यावा; वापराने जे झिजते त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

ते पांढरे तंतू म्हणजे बुरशी; तिचा खर्च मात्र माझ्या मते सर्वांचा आहे, कारण पावसाळ्यात वस्तू कोणाकडे राहिली हा निव्वळ योगायोग असतो. त्यावर उपाय एकच: जूनच्या आरंभी सगळी भिंगे एका घरी गोळा करावीत. बायनॉक्युलर त्यांच्या पिशव्यांतून बाहेर काढावेत, कारण ओल पिशवीच धरून ठेवते, आणि धान्याच्या हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवावेत. जेल गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवावे (ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नये). तंतू दिसलेला तो बायनॉक्युलर लवकर साफ करून घ्या. बुरशीतून निघणारे आम्ल भिंगावरचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतात. घरी उघडू नका, प्रिझम परत जागेवर बसवणे घरी होत नाही.

प्रतिसाद (नांदेड)

मी शाळेत शिकवते, म्हणून शाळांपुरते लिहिते. दुर्बीण शाळेत ठेवून येऊ नका. दिवसा कोणी मूल ती सूर्याकडे वळवील, हा धोका कल्पनेतला नाही, आणि डोळ्याची हानी क्षणात होते. आपल्या ७० मिमीच्या जुन्या दुर्बिणीसोबत आयपीसवर बसवायची काळी सौर काच आली असेल तर ती फोडून टाका. सूर्याची सगळी उष्णता केंद्रापाशी तिच्यावर एकवटते आणि ती पाहता पाहता तडकू शकते. सौर फिल्म नेहमी पुढच्या तोंडावर, वाऱ्याने निघणार नाही अशी बसवावी आणि नळीवरच्या लहान शोधक दुर्बिणीला झाकण लावलेलेच असावे.

बायनॉक्युलर शाळांना जरूर द्या. ७×५० मुलांकडे जाऊ द्या. त्यातून निघणारा प्रकाशझोत सात मिलिमीटर रुंद असतो आणि पन्नाशीनंतर आपल्या डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही, म्हणून मोठ्यांना १०×५० चा पाच मिलिमीटरचा झोत पुरतो. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय बायनॉक्युलर हातात द्यायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते, कारण तो एकदा पडला की प्रिझम सरकते आणि एकाचे दोन चंद्र दिसू लागतात. प्रत्येक मुलाने आधी बिजागरी आपल्या डोळ्यांच्या अंतराला जुळवावी, मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने आणि डावा मिटून उजव्या आयपीसच्या कड्याने प्रतिमा स्पष्ट करावी. हे न शिकवल्यास निम्मा वर्ग कृत्तिका धूसरच पाहून घरी जातो आणि विचारले तर "दिसल्या" म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. परभणीकरांचा दंडक बैठकीत मांडतो: जो सर्वांसमोर जुळवणी करून दाखवील, त्याला डॉब्सोनियन महिनाभर घरी नेता येईल. लातूरकरांची हरकत त्याने मिटेल असे वाटते. करार मालकांच्या नावेच करू. सौर काच खरोखरच डब्यात निघाली. ती आजच बाद केली.

एक शंका उरली. ७० मिमीची बैठक अंबाजोगाईच्या अक्षांशाला, म्हणजे १८ अंश ४४ मिनिटांना लावली की प्रतिभाराचा (समतोलाच्या वजनाचा) दांडा तिपाईच्या उत्तरेकडील पायावर आपटतो. काय करावे?

प्रतिसाद (परभणी)

आपल्या अक्षांशांवर ध्रुवाक्ष (बैठकीचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) फार आडवा होतो, त्यामुळे दांडा खाली येताना उत्तरेकडे झुकतो. लहान बैठकींत डोके तिपाईवर स्वतंत्र फिरते. तिपाई अशी वळवा की एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेच्या दोन्ही अंगांना येतील. दांडा त्या दोघांमधून मोकळा जाईल. मधल्या ताटलीला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगा, म्हणजे वाऱ्यात तिपाई हलणार नाही.